अंतोनची भिंत

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या मागच्या अंगणात भाजक्या शिंपल्यांचा चुना येऊन पडला, आणि त्याचा वास नाकात जाताच माझ्या जिभेवर मीठ आलं. चुन्याला मिठाची चव नसते, हे मला कळतं. तरी दर वैशाखात कळव्यात कुणाच्या ना कुणाच्या दारी असा पांढरा ढीग पडतो, आणि दर वैशाखात माझं असंच होतं. ठाण्याच्या कचेरीत नोकरीला होतो तेव्हा मी अशी दारं टाळत असे. खाडी ओलांडायच्या तरीवर जायला शेतांच्या बांधावरची लांबची वाट धरत असे. या वर्षी ढीग माझ्याच अंगणात पडला. वाट बदलायला जागा उरली नाही.

ढीग आणला माझ्या मुलाने, विनायकाने. घराच्या पश्चिम अंगाला, खाडीकडे तोंड करून, पूर्वी आमची एक पडवी होती. ती त्याला पुन्हा उभी करायची आहे. एका कागदावर त्याने सगळं मांडलं होतं. या तिथीला पाया, या तिथीला भिंत, या तिथीला तुळई, मग वासे, मग कौलं, आणि मृगाच्या चार दिवस आधी हात झाडून मोकळं.

"अप्पा, बघा, वीस दिवसांत उरकतं की नाही!"

मी कागद हातात घेतला. अक्षर सुरेख होतं. असाच एक कागद मीही एकदा लिहिला होता, आणि माझंही अक्षर सुरेख होतं.

घराच्या आतलं काम माणसाचं ऐकतं. कोनाड्याला गिलावा करा, पाळण्याची कडी बसवा, जुनी चूल मोडून नवी घाला. आज नाही झालं तर उद्या होतं, बाहेर धो धो कोसळत असलं तरी होतं. बाहेरचं काम काढलं की मात्र प्रत्येकजण आपापलं पंचांग घेऊन दारात उभा राहतो. मजूर मिठागरातले, त्यांचं पंचांग चंद्राचं. उधाणाच्या भरतीला खाऱ्या पाण्याच्या उघड्या, म्हणजे बांधातली दारं, धरायला ते आगरातच हवेत, भांगाच्या मंद भरतीला काय ते दोन दिवस मोकळे. गवंडी ठाण्याच्या किरिस्तावांतला. त्याला रविवार पाळायचा आणि मध्येच एखाद्या संताचा सण निघायचा. गाडीवान लग्नसराईचे, बैल कुणाच्या वऱ्हाडाला जुंपले जातील ते त्यांनाही आदल्या दिवसापर्यंत ठाऊक नसतं. लाकूड कल्याणच्या बंदरावरून यायचं, तेही मचव्याला पाणी मिळेल तेव्हा. घरच्या वडीलधाऱ्यांना मुहूर्त हवा. आणि या सगळ्यांच्या वर आभाळ, ज्याचं पंचांग कुणी छापलेलं नाही.

या सगळ्या तारखा एका दिवसावर येऊन मिळाव्या लागतात, तेव्हा कुठे हातभर भिंत वर चढते.

मी चोवीस वर्षांचा होतो. आता साठी उलटली. आगगाडी तेव्हा कल्याणपर्यंत जाऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि पुढे घाटात डोंगर फोडायचं काम जोरात चाललं होतं. फावडं धरता येईल असा प्रत्येक गडी तिकडे पळत होता. आदल्या पावसाळ्यात आमची पश्चिमेची मातीची भिंत वाऱ्यापावसाने अर्धी बसली होती, म्हणून नानांनी, माझ्या वडिलांनी, तिथे विटा-चुन्याची पक्की भिंत घालायचं ठरवलं. त्यासाठी अंतोन गवंड्याला गळ घातली. अंतोन खाडीपलीकडे ठाण्यात राहायचा. उंच, काटकुळा, डोक्याला कायम एक फडकं गुंडाळलेलं. ओळंबा लावून भिंतीकडे एक डोळा मिटून बघायचा तेव्हा वाटे, हा भिंतीला काहीतरी गुपित विचारतो आहे.

त्याची एक सवय होती. चुना मळायचं पाणी आलं की तो आधी त्यात बोट बुडवायचा आणि जिभेला लावायचा. मग थुंकून टाकायचा आणि मान हलवायचा. कळव्याच्या विहिरी वैशाखात खाऱ्या होतात, खाडी आतून झिरपत येते, हे त्याला पक्कं ठाऊक. "खाऱ्या पान्याचा चुना जल्मभर सुकत नाय, दादा," तो मला म्हणाला होता. "वरून भिंत दिसतंय, आत दही." म्हणून आमच्या कामाचं पाणी तळ्यावरून पखालीच्या गाडीने यायचं.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला नाना लाकूड बघायला कल्याणला गेले. जाताना मला ओसरीवर उभं करून म्हणाले, "त्रयोदशीला तुळई चढवायची. मी लाकूड घेऊन त्याच दिवशी पोचतो. पुढे शुक्राचा अस्त आहे, मग मुहूर्त नाही आणि मृगही थांबणार नाही. त्रयोदशीला भिंत पुरी दिसली पाहिजे. जमेल ना तुला?"

त्या "जमेल ना"मध्ये काय होतं, ते माझं मलाच ठाऊक. नानांच्या मते माझ्या हातून कागद सोडून काही होत नसे. मी म्हणालो, "जमेल."

अष्टमीला रविवार आला. भांगाचे दिवस, म्हणून हिरू आपले आठ गडी घेऊन उजाडताच हजर. हिरू आमच्या आगरातल्या मजुरांचा म्होरक्या, रुंद छातीचा, सतत काहीतरी टोमणा मारणारा. त्याला दोनच दिवस मोकळे होते. मंगळवारपासून मिठाची शेवटची रास पावसाआधी उचलायची होती. अंतोन रविवार म्हणून यायचा नव्हता. त्याने शनिवारी सांगून ठेवलं होतं: गड्यांकडून चुना आणि वाळू मळून ठेवा, सोमवारी मी भिंत धरतो. सगळं बरोबर बसत होतं. फक्त पखालीची गाडी आली नाही. दोन घटका झाल्या, चार झाल्या. मग निरोप आला की बैल भिवंडीच्या वऱ्हाडाला गेले, मंगळवारी परततील.

त्या सकाळचं ऊन मला अजून आठवतं. अंगणात चुना पांढरा फटक, त्यावर नजर ठरत नव्हती. आठ माणसं फावड्यांवर हात टेकून उभी. खाडीला भरती लागत होती; परसाच्या टोकापर्यंत पाणी आलं होतं, शांत, हिरवट, हवं तितकं. डोक्यात तिथ्या घुमत होत्या. अष्टमी, नवमी, दशमी. आज मळला नाही तर सोमवारी भिंत नाही, मंगळवारी गडी नाहीत, त्रयोदशीला तुळई नाही. आणि दारात नाना.

मी म्हणालो, "खाडीचं पाणी काढा."

हिरूने माझ्याकडे पाहिलं. "दादा, यो खारा पानी. चुन्याला चालंल का?"

"चालेल. काढ."

"अंतोन वरडंल."

"अंतोन आज देवळात आहे. आणि मालक कोण, तो की आम्ही?"

"आमचा काय जातंय! तुमी सांगाल तसा." मग तो गड्यांकडे वळून हसला. "चला रे. मिठागरातून सुटलो, पन मीठ काय आपल्याला सुटंना."

सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळपर्यंत सगळा चुना मळून झाला. हात फिरवून मी पाहिला. लोण्यासारखा मऊ होता. वेगळं काही दिसत नव्हतं.

सोमवारी अंतोन पहिल्या तरीने आला. मळलेल्या चुन्याकडे बघून खूश झाला. शेजारच्या घंगाळात थोडं पाणी उरलं होतं, त्याच्याकडे वळत त्याने सवयीने बोट पुढे केलं, आणि विचारलं, "पानी कुठलं, दादा?"

"तळ्याचं," मी म्हणालो.

बोट पाण्याच्या वर क्षणभर थांबलं. मालकाच्या मुलाने सांगितल्यावर त्याच्यासमोर चाखून बघायचं म्हणजे त्याला खोटं ठरवायचं. तेवढा उद्धटपणा अंतोनकडे नव्हता. त्याने बोट मागे घेतलं, धोतराला पुसलं, आणि थापी उचलली.

इतकी वर्षं मला जे दिसतं ते पडलेली भिंत नाही. ते मागे घेतलेलं बोट दिसतं.

त्रयोदशीला तुळई चढली. नानांनी भिंतीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून नुसतं "हं" म्हणाले. त्या एका "हं"साठी मी काय दिलं होतं, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. खरं तर कळलं होतं. कारण पुढचे दिवस मी रोज सकाळी मागे जाऊन भिंतीला तळवा लावत असे, आणि ती रोज ओली लागत असे. ऊन कडक, वारा कोरडा, आणि भिंत घामेजलेली. मृग लागला, वारा पश्चिमेचा झाला. मी आभाळाकडे असा बघत होतो जसा वाट चुकलेला माणूस अंधार पडण्याकडे बघतो. अजून वेळ होता. अंतोनला बोलावून सांगता आलं असतं, तुळईला टेकू लावता आले असते. मी मनात म्हणत होतो, उद्या.

ज्येष्ठाच्या शेवटी एका दुपारी, जेवणं आटोपून नाना जरा आडवे झाले होते, तेव्हा ती गेली. मोठा आवाजही झाला नाही. ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. पडवीत पावसासाठी तांबू गाय बांधली होती.

गाय गेली.

दुसऱ्या दिवशी पावसातून अंतोन आला. नाना ढिगाऱ्याजवळ उभे होते. "अंतोन, ही बघ तुझी भिंत," एवढंच म्हणाले. अंतोन वाकला. विटांच्या मधला चुना त्याने दोन बोटांत घेतला. तो खरोखर दह्यासारखा होता. तो त्याने जिभेला लावला. मग मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं.

रागाने नाही. तो थांबला होता, एवढंच. दुसऱ्या माणसाला बोलायला जागा द्यावी, तसा.

"नाना, हा चुना..." तो म्हणाला आणि पुन्हा थांबला.

मी गायीच्या तुटलेल्या दाव्याकडे बघत होतो.

"चुन्याला काय दोष देतोस?" नाना म्हणाले. "हात कुणाचा होता?"

अंतोनने बोटांवरचा चुना धोतराला पुसला. "हात माझाच व्हता, नाना," तो म्हणाला, आणि इरलं सावरत तरीकडे गेला.

घरात प्रायश्चित्त झालं. ते नानांनी घेतलं. मी पंक्तीत बसून जेवलो.

अंतोनला त्यानंतर कुणी चुन्याचं काम दिलं नाही. ज्याच्या भिंतीखाली गाय मेली त्याला दारात कोण उभं करणार? खाडीच्या अलीकडेही नाही, पलीकडेही नाही. त्याने काही वर्षं घाटात आगगाडीच्या कामावर दगड फोडले, परत आला तो खोकला घेऊन, आणि मग शेतांचे गडगे रचत राहिला. ओळंबा लावून एक डोळा मिटणारा तो माणूस, बिनचुन्याचे दगड एकावर एक ठेवत. मला तो ठाण्याच्या बाजारात एकदा भेटला. "कचेरीत लागलात म्हनं. बरं झालं," म्हणाला. खरंच बरं वाटल्यासारखा म्हणाला. तेव्हाही तो जरासा थांबला होता. मी म्हणालो, "हो. उशीर होतोय."

सांगायचं मी ठरवलं नव्हतं असं नाही. आधी म्हटलं, पावसाळा सरू दे, नाना निवतील. मग दिवाळी होऊ दे. मग माझं लग्न, मग नानांचं आजारपण, मग त्यांच्या माघारी लगेच त्यांना खोटं पाडल्यासारखं नको. मुहूर्त बघत बसलो. हिरूचे गडी घाटाच्या कामावर कधीच पांगले होते; हिरू हिवतापाने गेला, तेव्हा ते पाणी कुठलं हे जाणणारे इथे दोघेच उरलो. एका श्रावणात खाडीपलीकडून देवळाची घंटा एकेक ठोका करत वाजली आणि कुणीतरी म्हणालं, अंतोन गेला. मी एकटा उरलो.

पण अंतोन कळव्यातून गेला नाही. त्याचं नाव इथल्या तोंडात राहिलं. उतरंड कलंडली की बायका म्हणतात, अंतोनची भिंत झाली. सोयरीक मोडली की, अंतोनची भिंत. गेल्या संक्रांतीला माझी नात यमू स्वयंपाकघरातून हसत ओरडली, "आजी, तुझे लाडू बघ, अंतोनची भिंत!" नऊ वर्षांची पोर. अंतोन कोण, तिला ठाऊकही नाही. माझ्या हातातला लाडू मी खाली ठेवला. तोही फुटला होता.

तर, विनायकाचा कागद. चुना आला, विटा आल्या, आणि गवंडी मिळेना. सगळे मुंबईच्या बांधकामांवर. चार दिवस हिंडून तो घामाघूम होऊन परतला आणि ओसरीवर बसला.

"एकजण मोकळा आहे म्हणतात. सायमन म्हणून. पण तो अंतोनचा मुलगा. गडगेच रचतो. आपल्या घरात त्याला कसा आणायचा? लोक हसतील. आपलीच गाय मेली ना त्यांच्या भिंतीखाली."

"गाय मी मारली," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. सांगायला पाव घटकासुद्धा लागली नाही. सदतीस वर्षं मला वाटत होतं, सांगायला एक अख्खा दिवस हवा.

विनायक बराच वेळ कागदाची घडी करत होता. शेवटी म्हणाला, "अप्पा, झालं ते झालं. नाना गेले, तो गेला. आता हे काढून काय मिळणार? निदान आत्ता नको. मृग तोंडावर आलाय, माझं काम अडलंय. पावसानंतर बघू."

"पावसानंतर बघू, हे मी तुझ्या जन्माच्या आधीपासून म्हणतोय," मी म्हणालो.

त्या रविवारी मी ठाण्याला गेलो. देवळातून सुटलेले लोक तरीच्या धक्क्यावर जमले होते, कळव्याचेही बरेचजण बाजार करून परतीला उभे. सायमन तिथेच होता. उंच, काटकुळा, ओळख विचारावी लागली नाही. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "सायमन, तुझ्या बापाची भिंत पडली ती माझ्यामुळे. चुना मी खाडीच्या पाण्यात मळवला. त्याने विचारलं तेव्हा तळ्याचं पाणी म्हणून सांगितलं."

तरवाल्याचा बांबू पाण्यातच राहिला. कळव्याचा एक ओळखीचा पुढे आला आणि माझा दंड धरून हळूच म्हणाला, "अप्पा, उन्हात उभे राहू नका. सावलीत चला."

"हात सोडा त्यांचा," सायमन म्हणाला. मग मला: "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"मोठ्यानं सांगा. त्या टोकाला माझा मामा बसलाय, त्याला कमी ऐकू येतंय."

मी मोठ्याने सांगितलं. आवाज फाटला, पण त्या टोकापर्यंत गेला. म्हाताऱ्याने कानामागचा हात खाली घेतला आणि छातीवर क्रूस काढला. भरती धक्क्याच्या दगडांवर आपटत होती, तेवढाच आवाज.

"बाबानं घरी सांगितलं व्हतं," सायमन म्हणाला. "चुना खारा व्हता म्हणून. आईनं विचारलं, मग बोलला का नाय? तर म्हणाला, पोरगा सांगेल, चांगल्या घरचा हाय." तो खाडीकडे बघत होता. "पयल्या वर्षी तर रोज म्हणायचा."

मी विचारलं, "आमची भिंत घालशील?"

"आता नाय. मृग दहा दिवसांवर आलाय. घाईची भिंत आमच्या घरातला कोन परत घालनार नाय. कार्तिकात बघू."

"कार्तिकापर्यंत मी असेन का, सांगता येत नाही."

"तुमी नसलात तरी भिंत व्हईल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात माया नव्हती, पण खोटंही नव्हतं. "चुना भिजत घाला. पावसाळाभर मुरू दे. वर फळ्या टाका."

विनायकाने कागद फाडला नाही. घडी करून पंचांगात ठेवला. खड्डा खणून घेतला. तळ्यावर पखालीच्या गाडीबरोबर मी स्वतः गेलो, तीन खेपा केल्या. लोक बघत होते. एकाने विचारलं, "अप्पा, या वयात?" मी म्हटलं, "वय झालं म्हणूनच."

परवा तिसऱ्या प्रहरी सायमन न बोलावता आला. पश्चिमेला ढग गोळा झाले होते, वारा पडला होता. यमू ओसरीच्या खांबाला धरून त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिच्या बापाने तिला सांगितलं असावं, कारण एरवी तोंड न मिटणारी पोर गप्प होती. सायमनने खड्ड्यावरची फळी सरकवली. चुन्यावर वीतभर पाणी निवळून उभं होतं.

पाणी कुठलं, हे त्याने विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून मला थांबवलं. वाकला, बोट बुडवलं, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघत जिभेला लावलं. मी श्वास धरून उभा होतो. तिन्ही खेपा माझ्या डोळ्यांसमोर भरल्या होत्या, तरी धरून उभा होतो.

तो बाजूला थुंकला.

"गोडं हाय," म्हणाला, आणि फळी जागच्या जागी लावून तरीकडे निघाला.